कॉकपिटमधली लिथियम बॅटरी: बसवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लायडर, मायक्रोलाइट, घरी बांधलेली दोन आसनी विमानं, क्लबातली जुनी शिकाऊ विमानं. यांचे मालक आणि यांच्यावर हात काळे करणारे लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. मी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर उडायला शिकलो. तेव्हा विमानात शिशाची बॅटरी असायची आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघायचंही नाही. लिथियमकडे मात्र बघावं लागतं.

पुढच्या सगळ्या उत्तरांमागे माझा एकच हट्ट आहे: बॅटरी कधीतरी बिघडणारच असं धरून तिची जागा, वायर आणि पेटी ठरवा. मोटारीत धूर आला तर गाडी कडेला घेऊन उतरता येतं. हवेत तुम्ही आणि ती एकाच खोलीत असता.

लिथियम-आयन आणि लिथियम-आयर्न एकच ना?

नाही. देवनागरीत फरक एका रफाराचा आहे, त्यामुळे दुकानात आणि व्हॉट्सॲपवर हमखास गोंधळ होतो. लिथियम-आयन हे सगळ्या कुळाचं नाव. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा त्या कुळातला एक प्रकार, ज्याच्या धन बाजूला लोखंड आणि फॉस्फेट असतं. तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये बहुधा कोबाल्ट किंवा निकेल असलेला प्रकार असतो. तो तापत गेला की धन बाजूचा पदार्थ स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतो, म्हणजे आगीला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन जास्त घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो प्रकार बराच जास्त तापमानापर्यंत शांत राहतो.

ओळखायची सोपी खूण व्होल्टेजची. फॉस्फेटचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा, चार सेल जोडले की १२.८. कोबाल्टचा सेल ३.६ ते ३.७ चा. १२ व्होल्टच्या विमानासाठी घेतलेल्या बॅटरीवर १२.८ किंवा १३.२ लिहिलेलं असेल तर ती फॉस्फेट. ११.१ किंवा १४.८ लिहिलेलं असेल तर ती परत करा.

पण फॉस्फेट म्हणजे अग्निरोधक नव्हे. आतला द्रव दोन्ही प्रकारांत जळणाराच असतो. सेल फुटला की ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि त्यांत हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसं जाळणारा वायूही असतो. ज्वाळा दिसली नाही म्हणून धोका टळला असं धरू नका. बंद कॅनोपीखाली, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली, नुसता धूरही पुरेसा असतो.

बोइंग ७८७ ला जे जमलं नाही ते आपल्याला कसं जमेल?

प्रश्न रास्त आहे. ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ मध्ये बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी ऑल निप्पॉनच्या ७८७ ला बॅटरीतल्या धुरामुळे ताकामात्सुला उतरावं लागलं आणि जगभरची ७८७ विमानं जमिनीवर आली. त्या बॅटऱ्या कोबाल्टच्या होत्या. लहान विमानांच्या जगातही याआधी एक धक्का बसून गेला होता. २०११ मध्ये सेसना सायटेशन सीजे-४ या छोट्या जेटची लिथियम बॅटरी जमिनीवर, बाहेरची वीज जोडलेली असताना पेटली आणि अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) तातडीचा आदेश काढून ती बॅटरी उतरवायला लावली.

मला यातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती बोइंगने केलेली दुरुस्ती. त्यांनी सेलमधली अंतरं आणि चार्जर सुधारले, आणि त्याखेरीज अख्खी बॅटरी पोलादी पेटीत घालून त्या पेटीतून थेट विमानाबाहेर नळी काढली. आता ही पेटणार नाही असं म्हणून ते थांबले नाहीत. पेटली तर धूर कुठे जाईल हेही त्यांनी ठरवलं. आपल्या दोनशे-तीनशे किलोच्या ग्लायडरलाही हाच विचार लागू पडतो.

माझ्या सेसनात ही बॅटरी सरळ बसवू का?

सरळ नाही. प्रमाणित विमानात बॅटरी बदलणं हा विमानाच्या मंजूर रचनेत केलेला बदल ठरतो. अमेरिकेत त्यासाठी त्या मॉडेलचा मंजूर एसटीसी (रचनेतल्या बदलाचं प्रमाणपत्र) किंवा वेगळी परवानगी लागते, आणि बॅटरी टीएसओ-सी१७९ या मानकाखाली बनलेली असते. भारतात नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या विमानात डीजीसीएच्या मान्यतेशिवाय आणि परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीशिवाय हात लावू नका. “आकार सारखाच आहे, बसते” हे उत्तर तपासणीत चालत नाही आणि विमा कंपनीकडे तर मुळीच नाही.

अमेरिकेतल्या एक्स्पेरिमेंटल वर्गात, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानात, निर्णय बांधणाऱ्याचा असतो. तिथले मराठी मित्र सर्वांत जास्त प्रश्न विचारतात ते म्हणूनच. भारतात घरी बांधलेलं विमान अजून दुर्मीळ आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना २०१७ मध्ये नोंदणी मिळेपर्यंत किती झगडावं लागलं ते महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचलं आहे. मोकळीक असली की जबाबदारीही सगळी आपल्यावर येते. कुणी सही मागत नाही म्हणून प्रमाणित विमानाची शिस्त सोडू नका.

फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या) पुढे, इंजिनाकडे बसवावी की मागे, कॉकपिटमध्ये?

इंजिनाच्या बाजूला धूर माणसांपासून दूर राहतो, हा मोठा फायदा. तोटा उष्णतेचा. एक्झॉस्टच्या पाइपाजवळ लिथियमला जागा नाही. तिथे बसवायची तर थंड हवेचा झोत बॅटरीवर येईल अशी सोय करा आणि उड्डाणानंतर इंजिन बंद केल्यावर अर्धा तास तिथलं तापमान मोजून बघा. हवेत असताना जेवढं तापत नाही तेवढं विमान उभं राहिल्यावर बंद काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) तापतं. ही गोष्ट बरेच जण विसरतात.

कॉकपिटच्या बाजूला तापमान सौम्य असतं, पण धूर तुमच्या नाकात येतो. म्हणून तिथे बाहेर जाणारी नळी असलेलंच मॉडेल घ्या. काही उत्पादक तशी खास मॉडेलं बनवतात. ग्लायडरमध्ये बहुतेक वेळा पर्यायच नसतो, बॅटरी डोक्यामागे किंवा पायांपुढे जाते. मला विचाराल तर डोक्यामागची जागा मला सगळ्यांत कमी आवडते. तिथे दिसत नाही, हात पोहोचत नाही, आणि आपटलो तर ती पुढे येते.

पेटी हवाबंद करावी का? म्हणजे धूर बाहेर येणारच नाही.

कृपया करू नका. फुटणारा सेल काही सेकंदांत भरपूर वायू सोडतो. हवाबंद पेटी म्हणजे सुतळी बॉम्ब. पेटी मजबूत हवी, फटी बुजवलेल्या हव्यात आणि एक मोकळी वाट हवी, जी नळीने विमानाच्या पोटाखाली बाहेर जाते.

नळी धातूची किंवा उष्णता सोसणारी घ्या, बागेतला प्लॅस्टिकचा पाइप नको. वळणं कमी ठेवा. बाहेरचं टोक तिरकं कापून उघडी बाजू मागे ठेवा. वाऱ्याने तिथे खेच तयार होते आणि पेटीतली हवा बाहेर ओढली जाते. शिशाच्या बॅटरीच्या जुन्या विमानांतही अशीच नळी असायची. टोक कॉकपिटच्या ताज्या हवेच्या झरोक्याच्या मागे येऊ द्या, पुढे नाही. नाहीतर बाहेर काढलेला धूर दुसऱ्या दाराने आत येतो. पेटीखाली काय आहे तेही बघा. पेट्रोलचा पाइप, ब्रेकची नळी, कंट्रोलची केबल असेल तर जागा बदला.

कार्बन फायबरचं विमान असेल तर आणखी एक काळजी. कार्बनमधून वीज वाहते. उघडा धन टर्मिनल कार्बनच्या भिंतीला टेकला तर काय होईल हे बघायचं नसेल तर टर्मिनलवर रबरी टोप्या घाला.

किती घट्ट बसवायची?

लहान विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत, कॉकपिटमधली वस्तू आपटताना प्रवाशाला लागू नये म्हणून तिच्या बांधणीने सोसायचे आकडे दिलेले होते: पुढे १८ जी (१ जी म्हणजे वस्तूच्या वजनाइतका जोर), बाजूला ४.५ जी, वर ३ जी. मी अजूनही तेच धरतो. २ किलोची बॅटरी १८ जीला ३६ किलोंचा जोर लावते, ७ किलोची १२६ किलोंचा. म्हणजे हलकी बॅटरी इथे खरोखर फायद्याची.

वेल्क्रोची पट्टी आणि प्लॅस्टिकचे झिप टाय यांवर भरवसा ठेवू नका. धातूची चौकट, वरून आडवी पट्टी, लॉक नट. चौकट ज्या पत्र्यावर आहे तो पत्राही तेवढा जोर सोसणार का, हे तपासा. बॅटरीच्या अंगावर पट्टी आवळताना तिचं प्लॅस्टिक दबू नये. मध्ये पातळ रबर घाला.

फ्यूज नेमका कुठे?

बॅटरीजवळ. शक्य तितका जवळ, एक वीत अंतराच्या आत.

याबद्दल थोडं सविस्तर, कारण हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एका क्लबात दोन आसनी ग्लायडरची रोजची तपासणी करताना मागच्या सीटजवळ जळका वास आला. सीट उचलली तर बॅटरीपासून पॅनेलकडे जाणारी लाल वायर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटच्या कडेवर घासून उघडी पडली होती आणि वितळून उशीत रुतली होती. फ्यूज होता, पण तो दोन मीटर पुढे, पॅनेलमध्ये. तो रेडिओला जपत होता. वायरला जपणारं कुणीच नव्हतं. ती बॅटरी शिशाची होती, ७ अँपिअर-तासांची, आणि बरीच उतरलेली. त्याच जागी लिथियम असती तर शॉर्ट झाल्याक्षणी शेकडो अँपिअर वाहिले असते. त्या दिवसापासून मी कुठल्याही विमानात बसण्याआधी बॅटरीपासून पहिल्या फ्यूजपर्यंत बोट फिरवून बघतो.

फ्यूज उपकरणावरून ठरवू नका, वायरवरून ठरवा. २२ गेजच्या वायरला ५ अँपिअर, १८ गेजला १०. वायर विमानाची टेफझेल वेष्टणाची वापरा. घरातल्या पीव्हीसी वायरचा धूर स्वतःच विषारी असतो. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) चांगल्या पकडीने क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडी), दर वीतभर अंतरावर क्लॅम्प. मोटर स्टार्टरची जाड केबल फ्यूजखाली आणता येत नाही, म्हणून तिथे मास्टर कॉन्टॅक्टर (मुख्य, म्हणजे मास्टर स्विचने चालणारा मोठ्या करंटचा स्विच) बॅटरीला चिकटून बसवा, म्हणजे मास्टर बंद केला की कॉन्टॅक्टरच्या पुढे काहीच जिवंत राहत नाही. मास्टर स्विच पट्टे आवळून बसल्यावर हाताला लागला पाहिजे. बसून, डोळे मिटून शोधून बघा.

चिमटलेल्या वायरीने काय होतं याचं उदाहरण मोठ्या विमानाचंही आहे. १२ जुलै २०१३ ला हीथ्रोवर इथिओपियन एअरलाइन्सच्या रिकाम्या ७८७ चं छप्पर जळलं. आगीचं मूळ होतं आपत्कालीन लोकेटरची छोटी लिथियम बॅटरी, जिच्या वायरी झाकणाखाली दाबल्या गेल्या होत्या. झाकण लावताना वायर कुठे आहे हे बघायला दहा सेकंद लागतात.

बॅटरीत बीएमएस आहे, मग एवढं कशाला?

बीएमएस म्हणजे आतलं नियंत्रक सर्किट. ते सेल समान ठेवतं, जास्त चार्ज झाला किंवा फार उतरला तर बॅटरी तोडतं, म्हणजे विमानाच्या वायरिंगपासून अलग करतं. चांगली गोष्ट आहे, आणि बीएमएस नसलेली बॅटरी विमानात घालूच नका. पण “बॅटरी तोडतं” या शब्दांकडे लक्ष द्या. तुमचं इग्निशन किंवा इंधनाचा पंप विजेवर चालत असेल तर बॅटरी तुटणं म्हणजे इंजिन थांबणं. अशा विमानात दुसरी, स्वतंत्र वायरिंगची छोटी बॅटरी हवीच.

दुसरं, चालू आल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्रावरून) बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं, कारण ते शोषून घ्यायला कुणी उरत नाही. त्यासाठी आल्टरनेटरला ओव्हर-व्होल्टेज संरक्षण लावा, साधारण १६ व्होल्टला तोडणारं. आल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर १४.२ ते १४.६ व्होल्टमध्ये आहे का ते खात्रीच्या मीटरने मोजा. तिसरं, उतरलेली लिथियम बॅटरी आल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. शिशाची बॅटरी तसं करत नाही. विमान प्रॉपेलर हाताने फिरवून किंवा बाहेरच्या बॅटरीने सुरू केलं आणि लगेच उडालात तर आल्टरनेटर तापून जातो. उतरलेली बॅटरी आधी हँगरमध्ये चार्ज करा.

वजन पाच किलोंनी कमी झालं. यात वाईट काय?

कमी झालेलं वजन कुठून कमी झालं ते महत्त्वाचं. समजा ५०० किलोंचं विमान, बॅटरी गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर पुढे, आणि ती ५ किलोंनी हलकी झाली. गुरुत्वमध्य ५ × १.२ ÷ ४९५, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर मागे सरकतो. ऐकायला थोडं वाटतं. पण ज्या विमानाची मागची मर्यादा आधीच जवळ आहे, त्यात हलका वैमानिक बसला की हेच १२ मिलिमीटर स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक सुटण्यातून) बाहेर येणं अवघड करतात. ग्लायडरमध्ये नाकातली बॅटरी हलकी केली तर वैमानिकाचं किमान वजन वाढतं आणि पॅनेलवरची पाटी बदलावी लागते. शेपटीतली बॅटरी हलकी केली तर उलटं होतं. विमान पुन्हा वजनकाट्यावर ठेवा. कागदावरचं गणित तपासण्यासाठी आहे, वजन करण्याऐवजी नाही.

होकायंत्राजवळ चालेल?

नाही. पोलादी पेटी आणि करंट वाहणारी जाड वायर दोन्ही सुई फिरवतात. धन आणि ऋण वायर एकमेकींत पिळून न्या आणि बसवल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवून घ्या.

व्होल्टमीटर १३ दाखवत होता आणि अचानक सगळं बंद पडलं. बॅटरी खराब?

बहुधा नाही, बॅटरी तशीच वागते. शिशाची बॅटरी उतरताना हळूहळू व्होल्टेज सोडते, तुम्हाला सूचना मिळते. फॉस्फेटची जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग कड्यावरून पडावी तशी पडते, किंवा बीएमएस तिला तोडतो. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. किती अँपिअर-तास गेले ते मोजणारा मीटर लावा, किंवा वहीत हिशोब ठेवा: उपकरणं मिळून १ अँपिअर घेत असतील तर ९ अँपिअर-तासांची बॅटरी मी सहा तासांची धरतो.

चार्जर जुनाच चालेल का? आणि उन्हाचं काय?

जुना चार्जर शिशाच्या बॅटरीतलं सल्फेट काढण्यासाठी १५ व्होल्टच्या वर ठोके देत असेल तर चालणार नाही. फॉस्फेटसाठीचा चार्जर घ्या, कमाल १४.६ व्होल्टचा. ग्लायडरची बॅटरी काढता येत असेल तर ती बाहेर काढून, फरशीवर, आजूबाजूला काही जळण्यासारखं नसताना चार्ज करा. रात्रभर हँगरमध्ये चार्जिंगला लावून घरी जाऊ नका.

शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातू आत साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. हा प्रश्न अमेरिकेतल्या थंड मिनेसोटातल्या मित्रांचा. आपल्याकडचा प्रश्न मे महिन्याचा. पारदर्शक कॅनोपी म्हणजे काचघर, आणि बहुतेक बॅटऱ्यांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. धावपट्टीवर विमान उभं ठेवताना पांढरं आच्छादन टाका. जळगाव-नागपूरकडे उडत असाल तर उड्डाणांच्या मध्ये बॅटरी काढून सावलीत ठेवा.

खेळण्यातल्या विमानांचे लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक, किंवा घरी सेल जोडून केलेला पॅक?

नाही. कॉकपिटमध्ये कधीच नाही.

हवेत धूर आला तर?

क्रम आधीच पाठ असावा. मास्टर बंद. हवेचे झरोके उघडे. उतरायला सर्वांत जवळची जागा, शेत असलं तरी. इंजिन मास्टर बंद केल्यावर चालेल की नाही हे जमिनीवर असतानाच करून बघितलेलं असावं.

हॅलॉन वायूचा, आग विझवणारा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली प्रक्रिया थांबवत नाही. तिला थांबवतं ते थंड करणं. हातातलं उपकरण पेटलं असेल तर ज्वाळा विझल्यावर भरपूर पाणी ओता. बर्फ ठेवू नका आणि कापडात गुंडाळू नका, दोन्हींनी उष्णता आत कोंडते.

ऑगस्ट २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या पारहॅम इथे विजेच्या प्रॉपेलरच्या एका ग्लायडरमध्ये कॉकपिटमागच्या बॅटरीला आग लागली. वैमानिक सुखरूप बाहेर पडला, पण उतरेपर्यंत त्याला आगीचा पत्ता नव्हता. त्यामुळे मी पेटीत एक छोटा तापमानाचा सेन्सर आणि पॅनेलवर लाल दिवा लावायला सांगतो. खर्च नगण्य आहे.

आणि पॉवर बँक, टॅबलेट?

विमानातली सर्वांत निष्काळजीपणे ठेवलेली लिथियम बॅटरी हीच. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, तीही सहसा कोबाल्ट-निकेल कुळातली, ना फ्यूज दिसतो ना चौकट. ती सीटखाली सरकली तर सीट पुढे-मागे करताना चेपते, पायांकडे गेली तर रडरच्या पेडलखाली अडकते. हाताला लागेल अशा खिशात ठेवा, उन्हात नाही. टॅबलेट चार्जिंगला लावून कॅनोपीखाली उन्हात चिकटवू नका. फुगलेली पॉवर बँक विमानातच काय, मोटारीतही ठेवू नका.

जोरात उतरलो, बॅटरी ठीक दिसते. राहू देऊ का?

काढा. बाहेर, उघड्यावर, एक दिवस एकटी ठेवा. आतल्या पातळ पडद्याला इजा झाली असेल तर परिणाम तासांनी दिसू शकतो. केस वाकलेली, गोडसर रासायनिक वास, किंवा न वापरता व्होल्टेज उतरत असेल तर ती परत विमानात जाणार नाही. कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे टर्मिनलवर टेप लावून द्या.

किती वर्षांनी बदलायची?

वर्षातून एकदा ठरलेल्या करंटने पूर्ण उतरवून क्षमता मोजा आणि आकडा बॅटरीवरच तारखेसह लिहा. मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की ती हँगरमधल्या दिव्यासाठी. त्याच दिवशी लग हलवून बघा, नळीचं बाहेरचं टोक तपासा. मागच्या पावसाळ्यानंतर कुंभारमाशीने माझ्या नळीत मातीचं घर बांधलं होतं. तेव्हापासून मी टोकावर बारीक पोलादी जाळी बसवली आहे आणि दर महिन्याला तोंडाने फुंकून बघतो.